एकच वाहिनी, दहा वर्षं : आपल्या शाळेच्या काळातली दूरदर्शनची संध्याकाळ



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळानं विषयांची एक यादी पाठवली होती. सहल, स्नेहसंमेलन, आवडते शिक्षक, मधल्या सुट्टीतला डबा. टीव्ही त्या यादीत नव्हता. पण गेल्या वर्षभरात आपल्या व्हॉट्सअॅप गटावर सगळ्यांत लांब वाद कशावर झाले असतील, तर ते टीव्हीवर. 'छायागीत' बुधवारी की गुरुवारी, 'चिमणराव' आपण पाहिलं की नुसतं ऐकलं, गावात पहिला रंगीत संच कुणाच्या घरी आला, यावर माणसं रात्री एक वाजेपर्यंत भांडली. तेव्हा म्हटलं, आठवणी सगळेच लिहितील, आपण जरा इतिहास लिहून बघू. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, इतिहासाचा नाही. पण तारखा लावणं आणि गोष्ट कुठून कशी पोचली ते शोधणं, हे काम मी रोजच करते.

सुरुवात तारखांपासूनच करू. आपण पहिलीत बसलो जून १९८३ मध्ये आणि दहावीची परीक्षा दिली मार्च १९९३ मध्ये. आता या दोन तारखांशेजारी आणखी दोन ठेवा. ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान इन्सॅट-१बी हा आपला उपग्रह घेऊन अवकाशात गेलं आणि त्याच्या जोरावर पुढच्या वर्षी दूरदर्शन देशभर पसरलं. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला आणि दूरदर्शनची मक्तेदारी मोडायला लागली. म्हणजे पहिलीत इन्सॅट आणि दहावीत झी. भारतात टीव्ही घरोघरी होता पण बघायला वाहिनी एकच होती, असा जो थोडा काळ होऊन गेला, तो जवळजवळ महिन्यांच्या हिशोबानं आपल्या शाळेचा काळ आहे. आपल्या आधीच्या तुकड्यांना टीव्ही मिळाला नाही, नंतरच्यांना रिमोट मिळाला. मधले आपण.

त्याआधीचं थोडक्यात. दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं १५ सप्टेंबर १९५९ ला. देशातलं दुसरं केंद्र मुंबईचं, वरळीला, २ ऑक्टोबर १९७२ पासून. पुढच्याच वर्षी मुंबईचे कार्यक्रम पुण्याच्या बाजूला दिसावेत म्हणून सिंहगडावर मनोरा उभा राहिला. १९७६ मध्ये टीव्ही आकाशवाणीपासून वेगळा झाला आणि 'दूरदर्शन' या नावानं स्वतंत्रपणे चालू लागला. त्याच वर्षी जाहिराती आल्या. १५ ऑगस्ट १९८२ पासून रंग आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई स्पर्धांनी रंगीत संचांची हौस लावली. आपल्या गावात मात्र रंगीत संच हा विषय पुढची चार-पाच वर्षं फक्त बोलण्याचा होता. आपल्याकडे रंग म्हणजे कृष्णधवल पडद्यावर लावलेला प्लॅस्टिकचा कागद, वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. माणूस जवळून दाखवला की त्याचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी.

आपल्याला चित्र दिसायचं ते सिंहगडावरून. कार्यक्रम वरळीला तयार व्हायचा, तिथून सूक्ष्मलहरींच्या साखळीनं सिंहगडावर यायचा आणि तिथून चहूकडे फेकला जायचा. या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. आपलं गाव त्या रेषेच्या अगदी टोकाला. म्हणून पुण्यात खिडकीतल्या काडीवर जे चित्र यायचं, त्यासाठी आपल्याकडे वीस-पंचवीस फुटी लोखंडी पाइप, त्यावर अॅल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना आणि खाली बूस्टर एवढा सरंजाम लागायचा. गावातले सगळे अँटेना एकाच दिशेला तोंड करून उभे असत. भूगोलाच्या बाई दिशा शिकवताना म्हणायच्या, "वायव्य विसरलात तर खिडकीबाहेर बघा." वारा सुटला की वायव्य हलायची. मग एक जण गच्चीवर, एक जिन्यात आणि एक टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं... गेलं... थांब, थांब, आता हात काढू नकोस!" चित्र वर-वर सरकायला लागलं की संचाच्या मागचं बटण फिरवायचं आणि मुंग्या आल्या की गच्चीवर पळायचं, एवढं तंत्रज्ञान चौथीतल्या मुलालाही यायचं. माझ्या अभियांत्रिकीचं पहिलं प्रात्यक्षिक तेच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण गटावरचा अर्धा वाद तिच्यामुळे आहे. पाचवीत आपल्या वर्गात वडिलांच्या बदलीमुळे दुसऱ्या जिल्ह्यातून एक मैत्रीण आली. तिला आमचे कार्यक्रम माहीतच नव्हते. 'गजरा' नाही, 'छायागीत' नाही. आम्हाला वाटायचं, ती गप्प आहे. खरं कारण वेगळं होतं. १९८४ मध्ये सरकारनं लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभारली, काही महिने तर जवळजवळ रोज एक. एका केंद्राचा आवाका साधारण वीस-पंचवीस किलोमीटर. ही केंद्रं कार्यक्रम घ्यायची उपग्रहावरून आणि उपग्रहावर होती दिल्ली. मुंबईचे मराठी कार्यक्रम त्यांच्यापर्यंत पोचायची सोय सुरुवातीला नव्हती. म्हणजे महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत टीव्ही पहिल्यांदा आला तो हिंदी बोलत आला. ती सोलापूरकडची असो की खानदेशातली, तिच्या वयाच्या मुलांनी संध्याकाळी दिल्लीची शेती पाहिली आणि आपण 'आमची माती, आमची माणसं'. एकाच राज्यात, एकाच वर्षी, सिंहगड दिसतो की नाही यावर कुणाचं बालपण कोणत्या भाषेत जाणार ते ठरलं.

आता संध्याकाळ. १९८७-८८ सालची कुठलीही एक घ्या, आपण पाचवीत होतो. आधी पडद्यावर पट्ट्या, मग ते दोन डोळ्यांसारखे आकार फिरत फिरत जुळायचे आणि ती सनईची धून. ती ऐकू आली की अंगणातला खेळ मोडायचा. सुरुवातीला लहान मुलांचं 'किलबिल' किंवा कामगारांसाठी, तरुणांसाठी असं काहीतरी. मग शेती. द्राक्षावरची भुरी, उसाची लागण, शेळ्यांचं लसीकरण. ज्यांच्या घरी एक गुंठा जमीन नव्हती, त्यांनाही डाऊनी आणि भुरी यांतला फरक माहीत होता. मग सातच्या मराठी बातम्या. प्रदीप भिडे यांचा आवाज आला की घरातले मोठे बोलायचे थांबत. याच केंद्रावर सत्तरच्या दशकात स्मिता पाटील बातम्या द्यायच्या, हे आपल्याला आपल्या आयांनी सांगितलं. 'आपण यांना पाहिलंत का?' लागलं की घरात जरा शांतता व्हायची. हरवलेल्या माणसांचे फोटो, उंची, रंग, अंगावरचे कपडे. माझी आजी प्रत्येक फोटोला हात जोडायची.

त्यानंतर वाराप्रमाणे बदल. कधी 'प्रतिभा आणि प्रतिमा'सारखी साहित्यावरची चर्चा, कधी 'गजरा'तल्या विनोदी नाटिका, कधी 'ज्ञानदीप', कधी शास्त्रीय गायन. गुरुवारी 'छायागीत', म्हणजे तो वाद इथे मिटला. बुधवारचं 'चित्रहार' दिल्लीचं. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. रात्री ८.४० ला दिल्ली सुरू व्हायची. सलमा सुलतान यांच्या केसांतलं गुलाबाचं फूल आणि हिंदी समाचार. मग मालिका, मग इंग्रजी बातम्या. इंग्रजी बातम्या म्हणजे अंथरुणं घालायची वेळ.

मालिकांचा इतिहास तर आपल्या इयत्तांनुसार लावता येतो. दुसरीत 'हम लोग', ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली. शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगायचे. कुटुंब लहान ठेवा, मुलींना शिकवा हे मालिकेतून सांगता येतं का, असा सरकारचा तो प्रयोग होता आणि त्याची कल्पना मेक्सिकोतल्या तशाच मालिकांवरून घेतली होती, हे मला फार नंतर कळलं. तिसरी-चौथीत 'रजनी', 'नुक्कड', 'बुनियाद'. पाचवीत रविवारी सकाळी 'रामायण' आणि संध्याकाळच्या मालिकांत 'मालगुडी डेज'. त्याच वर्षी जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानींचं 'तमस' लागलं. ते दाखवू नये म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन दाखवण्याच्या बाजूनं निकाल लागला. आपल्यापैकी बहुतेकांना त्या वेळी झोपायला पाठवलं होतं, तरी पांघरुणातून आवाज येत होता. इतिहासाच्या सरांनी दुसऱ्या दिवशी धडा बाजूला ठेवून फाळणी म्हणजे काय ते सांगितलं, हे गटावर तिघांनी स्वतंत्रपणे लिहिलं आहे, म्हणून मी ते खरं धरते.

'चिमणराव'चं मात्र तसं नाही. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची ती मालिका सत्तरच्या दशकाच्या शेवटी गाजली. तेव्हा आपण पाळण्यात होतो. आपल्याला जे आठवतं, ते एखादा पुनःप्रक्षेपित भाग असेल, नाहीतर मोठ्या भावंडांनी केलेल्या नकला. ज्या घरांत ताई-दादा होते, त्याच घरांतल्या मुलांना 'चिमणराव' आठवतं, हे मी गटावरची उत्तरं लावून पाहिलं. आठवण अशीही वारशानं मिळते.

या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती संध्याकाळची मिसळ. वाहिनी एक, संच एक, घरात माणसं सात-आठ. आजोबांना शेती, आईला नाटक, काकांना बातम्या, आम्हाला गाणी. आपापलं येईपर्यंत प्रत्येकाला दुसऱ्याचं बघावं लागायचं. 'छायागीत' यायच्या आधी अर्धा तास कुणीतरी ख्याल गायचं, आणि जागा जाईल म्हणून आपण हलायचो नाही. आज माझ्या क्षेत्रात माणसाला काय आवडेल याचा अंदाज बांधून तेवढंच पुढे ठेवणाऱ्या यंत्रणा लिहिल्या जातात, आणि त्या चांगलं काम करतात. पण त्यांनी मला भुरी दाखवली नसती, आणि ख्यालही ऐकवला नसता.

इथवर लिहिलं ते आपल्याला सगळ्यांना आवडेल असं आहे. "आपण सगळे एकत्र बसून टीव्ही बघायचो" हे वाक्य गटावर किमान वीस वेळा आलं असेल. पण इतिहास लिहायचा तर 'सगळे' हा शब्द तपासायला हवा. १९८५ च्या सुमाराला कृष्णधवल संच म्हणजे शिक्षकाचे दोन-तीन पगार. माझ्या मोजणीप्रमाणे आपण चौथीत असताना वर्गातल्या बावन्न मुलांपैकी जेमतेम नऊ घरांत संच होता. म्हणजे उरलेले त्रेचाळीस जण कुठे तरी बघायला जात होते, किंवा जात नव्हते. मी या वर्षी त्यांतल्या शक्य तितक्यांना फोन केला. दोन उत्तरं त्यांच्या परवानगीनं, नावाशिवाय देते.

आपला एक वर्गमित्र म्हणाला, "मी खिडकीतून बघायचो. बाहेरून. दोन विटा रचून त्यावर उभा राहायचो. डास यायला लागले की आतून खिडकी लावून घ्यायचे. मग नुसता आवाज. मला त्या वेळची गाणी सगळी पाठ आहेत, त्यांतली चित्रं मी नंतर मोबाइलवर पाहिली." कोण आत सतरंजीवर, कोण ओट्यावर आणि कोण खिडकीबाहेर, हे गर्दीवर ठरत नव्हतं. त्यात पैसा होता आणि काही घरांत जात होती. आपल्याला तेव्हा ते दिसत होतं आणि विचित्र वाटत नव्हतं. त्यानं हे रागानं सांगितलं नाही. पण "लिही," म्हणाला, "नाहीतर पुढच्या स्मरणिकेत मीपण सतरंजीवर बसलेला असेन."

दुसरी एक मैत्रीण. तिच्या घरी संच नव्हता आणि संध्याकाळनंतर मुलींनी दुसऱ्याच्या घरी जायचं नाही, असा तिच्या वडिलांचा नियम होता. ती म्हणाली, "अख्खी 'बुनियाद' मी मधल्या सुट्टीत पाहिली. तुम्ही सांगायचात त्यावरून. मी मान डोलवायचे, आणि पुढे काय होईल ते तुमच्याआधी सांगायचे, म्हणजे कुणाला कळू नये." आम्हाला खरंच कळलं नव्हतं. वर्गात गोष्ट सगळ्यांत छान ती सांगायची, म्हणून आम्ही तिलाच सांगायला लावायचो.

मुलींच्या बाबतीत या पडद्यानं दुसरंही काही केलं, तेही नोंदवते. १९८९ मध्ये, आपण सातवीत असताना, 'उडान' लागली. कविता चौधरी यांनी आपल्या बहिणीच्या, पोलीस अधिकारी कांचन चौधरी यांच्या आयुष्यावरून ती लिहिली होती, दिग्दर्शन त्यांचंच आणि मुख्य भूमिकाही. आपल्या वर्गातली कुणी पोलीस अधिकारी झाली नाही. पण बारावीनंतर मला अभियांत्रिकीला बाहेरगावी पाठवायचं की नाही यावर घरात बोलणं झालं, तेव्हा माझ्या आजीनं एकच विचारलं, "ती टीव्हीवरची पोरगी गेली होती ना?" आजी शाळेत गेलेली नव्हती. वसतिगृह, प्रवेश परीक्षा, एकटीनं प्रवास, हे शब्द तिला त्या अर्ध्या तासातून माहीत झाले होते. मालिका नसती तरी कदाचित मी गेले असते. पण आजी माझ्या बाजूनं बोलली असती का, ते मी सांगू शकत नाही.

नववी-दहावीत चित्र बदललं. 'सुरभि'ला पोस्टकार्डं पाठवणारे आपण. त्या पोस्टकार्डांचा पाऊस इतका वाढला की टपाल खात्याला स्पर्धांसाठी वेगळं, महाग पोस्टकार्ड काढावं लागलं. 'टर्निंग पॉइंट'मध्ये प्रा. यशपाल प्रश्नांची उत्तरं द्यायचे आणि विज्ञानाचे सर दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न फळ्यावर लिहायचे. १९९१ च्या आखाती युद्धाची परदेशी वाहिनीवरची दृश्यं मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत लोकांनी पाहिली, आणि मग गावोगावच्या गच्च्यांवर तबकड्या आल्या. आपल्या गावातली पहिली तबकडी वायव्येकडे बघत नव्हती. ती वर आकाशात बघत होती. भूगोलाच्या बाईंचं उदाहरण त्या दिवशी बाद झालं.

शेवटी एक कामाची गोष्ट. त्या काळी चित्रफिती महाग होत्या, त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की तीच फीत पुसून पुन्हा वापरली जाई. हे जगभर होत होतं, आपल्याकडेही झालं. गाजलेल्या हिंदी मालिका आज संगणकावर मिळतात. पण मुंबई केंद्राच्या रोजच्या मराठी संध्याकाळीतलं बरंच काही आता कुठेच नाही. जे उरलं आहे ते बघणाऱ्यांच्या डोक्यात, आणि आपण पंचेचाळिशी ओलांडली आहे. ज्यांनी आपल्याला समोर बसवून ते दाखवलं ते आता ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून विनंती. संमेलनाला येताना घरात शोधून काही आणा. टीव्ही घेतल्याची पावती, टपाल कार्यालयातून काढलेलं जुनं परवान्याचं पुस्तक, वाढदिवसाचा एखादा फोटो ज्यात मागे भरतकामाचं कव्हर घातलेला संच दिसतो. सर, बाई, आपणही आपल्या आठवणी सांगाव्यात. टीव्हीमुळे गृहपाठ बुडाल्याचे नमुने आपल्याकडे भरपूर असतील. मी एक तक्ता तयार केला आहे. त्यात साल, घर, संच आणि कार्यक्रम असे रकाने आहेत. माझ्या वर्गमित्राच्या आग्रहावरून पाचवा रकाना वाढवला आहे: 'कुठून पाहिलं'. सतरंजी, ओटा, खिडकी, किंवा मधली सुट्टी. तो रकाना कुणीही रिकामा सोडू नका.